दारं उघडत गेली: पेडण्यापासून पणजीपर्यंत

हरमलचा गोड्या पाण्याचा तलाव, मोरजीच्या वाळूत अंडी घालायला येणारी सागरी कासवं, केरीची सुरूची झाडं. पेडणे तालुका म्हटलं की बाहेरच्या माणसाला एवढंच आठवतं. हे सगळं निसर्गाने दिलेलं आहे. माणसांनी बांधलेलं आणि माणसांना एकत्र आणणारं असं या तालुक्यात काय आहे, ते मुळात कोणासाठी बांधलं होतं, हे मात्र फारसं कोणी विचारत नाही. तुये, पार्से, मांद्रे, आगरवाडा इथली कितीतरी मंडळी रोज म्हापसा-पणजीला कामाला जातात. वाटेत देवळं, चर्च, पूल, जुने वाडे, सरकारी इमारती लागतात, आणि सवयीमुळे दिसेनाशा होतात. त्यांचा इतिहास वाचायला घेतला की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. त्यांतली बरीच दारं एकेकाळी आपल्यासारख्यांना बंद होती. कोणतं दार कधी उघडलं आणि कोणामुळे, हे समजून घेतलं तर रोजच्या वाटेवरचा गोवा वेगळा दिसू लागतो.

सुरुवात पेडण्यापासूनच करावी लागते, कारण पेडण्याचा इतिहास पणजीहून निराळा आहे. तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी हे तालुके सोळाव्या शतकातच पोर्तुगिजांच्या हाती गेले. तिथली देवळं पाडली गेली, देव नदीपलीकडे न्यावे लागले. पेडणे मात्र सावंतवाडीकर भोसल्यांकडे होतं. ते पोर्तुगिजांना मिळालं 1788 मध्ये, खेम सावंतांकडून, तहाने. फोंडा, डिचोली, सत्तरी हेही अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातच गेले, म्हणून या सगळ्यांना ‘नवी काबिजाद’ म्हणतात. तोवर धर्मांतराचा जुना जोर ओसरला होता आणि नव्या मुलखातल्या लोकांच्या धर्माला, रूढींना हात लावायचा नाही असं धोरण ठरलं होतं. त्यामुळे पेडण्यात देवळं जागच्या जागी राहिली. बार्देशातल्या गावाची खूण म्हणजे पांढरं चर्च, आणि शापोरा नदी ओलांडून आलं की गावाची खूण म्हणजे देवळाचा सभामंडप आणि दीपस्तंभ, हा फरक या अडीचशे वर्षांच्या अंतराने केलेला आहे.

त्यात पेडण्याची श्रीभगवती सर्वांना माहीत असते. प्रवेशाशी काळ्या दगडाचे दोन मोठे हत्ती उभे आहेत. आत अष्टभुजा देवी आहे. बाजारपेठेला लागून असलेलं हे देऊळ एरवी शांत असतं, पण दसरा ते कोजागिरी या दिवसांत साऱ्या पंचक्रोशीची पावलं तिथे वळतात. रवळनाथ आणि भूतनाथ यांची तरंगं सजवून बाहेर निघतात. कोजागिरीच्या रात्री तर ‘पेडण्याची पुनव’ पाहायला सिंधुदुर्गातूनही लोक येतात. भूतनाथाला एका रात्रीत देऊळ बांधून हवं असतं, तो रागावून रानाकडे धावतो आणि भक्त त्याची समजूत घालून त्याला परत आणतात, अशी लोककथा या रात्रीशी जोडलेली आहे. त्या गर्दीत शेतकरी असतो, बाजारातला दुकानदार असतो, मुंबईहून खास रजा काढून आलेला चाकरमानी असतो. तिकीट नाही, राखीव खुर्ची नाही. सभामंडपात दशावतार लागला की अंगणात जागा मिळेल तिथे बसायचं. आजच्या भाषेत ज्याला सार्वजनिक सभागृह म्हणतात, त्याचं काम या तालुक्यात शतकानुशतकं देवळाच्या मंडपाने केलं. तेही दार सर्वांना सारखं उघडं नव्हतं. जातीच्या पायऱ्या होत्या, मानापानाच्या होत्या, काही ठिकाणी अजून आहेत, आणि त्यांच्याबद्दल गप्प राहून देवळांचं कौतुक करणं मला पटत नाही. पण बसायला जागा आणि पाहायला नाटक देणारी दुसरी वास्तू गावात नव्हती, हेही तितकंच खरं.

देवळापासून जवळच देशप्रभूंचा वाडा आहे. पोर्तुगीज राजवटीने या घराण्याला व्हिस्कोंद हा किताब दिला होता. हिंदू घराण्याला असा किताब मिळणं त्या काळी दुर्मीळ होतं. वाडा भव्य आहे, पण तो घर आहे, राहतं घर, त्यामुळे तो बाहेरूनच पाहावा.

तेरेखोलच्या किल्ल्याची गोष्ट वेगळी. तेरेखोल नदीच्या उत्तर काठावर गोव्याचा एवढाच एक तुकडा आहे. केरीहून फेरीबोटीने पलीकडे जायचं, आणि चढ चढून वर गेलं की समुद्र, नदीचं मुख आणि केरीचा किनारा एका नजरेत येतात. सावंतवाडीकर भोसल्यांनी सतराव्या शतकात तो बांधला. 1746 मध्ये मार्क्विस ऑफ अलोर्ना या व्हाइसरॉयने तो घेतला. त्याच मोहिमेत पेडण्याच्या पूर्वेकडचा हळर्णचा किल्लाही पोर्तुगिजांकडे गेला. पुढे तेरेखोलच्या आत सेंट अँथनीचं छोटं चर्च उभं राहिलं. पण या किल्ल्याचा सर्वांत मोठा दिवस त्याच्या तोफांनी घडवला नाही. 15 ऑगस्ट 1954 रोजी आल्फ्रेड आफोन्सो यांच्या नेतृत्वाखाली गोमंतकीय सत्याग्रहींची छोटी तुकडी सीमा ओलांडून आत शिरली, किल्ल्यावर तिरंगा लावला आणि पकडली जाईपर्यंत एक दिवस तो फडकत ठेवला. मुक्तीच्या सात वर्षं आधी. पुढे या किल्ल्याचं हॉटेल झालं. ज्या तटावर बिनशस्त्र माणसांनी झेंडा चढवला, त्या तटावर उभं राहण्यासाठी हॉटेलचं गिऱ्हाईक व्हावं लागू नये, असं मला मनापासून वाटतं.

पुढच्या वर्षी, 15 ऑगस्ट 1955 रोजी, देशभरातून आलेले सत्याग्रही गोव्याच्या सीमांवरून आत शिरले. त्यांतली एक वाट पेडणे तालुक्यातल्या पत्रादेवीची. पोर्तुगीज सैनिकांनी गोळ्या झाडल्या. सहोद्राबाई राय जखमी झाल्या. पंजाबातल्या इस्सरू गावचा तरुण कर्नैल सिंग बेनिपाल तिथे हुतात्मा झाला. आता पत्रादेवीला हुतात्मा स्मारक आहे. मुंबई-गोवा महामार्गावरून रोज असंख्य गाड्या त्याच्या शेजारून जातात आणि बहुतेक गाड्या थांबत नाहीत. सहलीच्या यादीत या स्मारकाचं नाव क्वचितच असतं. इस्सरू कुठे आणि पत्रादेवी कुठे, हे नकाशावर मुलांना दाखवायला एवढी चांगली जागा दुसरी नाही.

आता पणजी. शहर म्हणून ती फार जुनी नाही. पोर्तुगिजांची राजधानी होती जुनं गोवें, आणि ते साथींनी ओस पडत गेलं. 1759 मध्ये व्हाइसरॉय पणजीच्या वाड्यात राहायला आला, दोम मानुएल द पोर्तुगाल इ काश्त्रु या व्हाइसरॉयच्या कारकिर्दीत 1827 नंतर दलदली बुजवून रस्ते आखले गेले आणि 1843 मध्ये ‘नोव्हा गोवा’ ही अधिकृत राजधानी झाली. जुन्या शहराच्या दगडांवर नवं शहर उभं राहिलं, हे अगदी शब्दशः खरं आहे. जुन्या गोव्यातलं सेंट पॉल कॉलेज, ज्याच्या आवारात 1556 मध्ये छापखाना आला, ते एकोणिसाव्या शतकात पाडलं आणि त्याचं सामान पणजीच्या बांधकामासाठी आणलं. आज तिथे रस्त्याकडेला फक्त दरवाजाची कमान उभी आहे. पणजीच्या चर्चच्या उंच पांढऱ्या जिन्यावर जी प्रचंड घंटा दिसते, तीही जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन मठातली.

मांडवीकाठचा तो वाडा मूळचा आदिलशहाचा, 1500 च्या आसपासचा. 1510 मध्ये तो पोर्तुगिजांनी घेतला. आधी सुलतानाचा, मग व्हाइसरॉयांचा, मुक्तीनंतर सचिवालय आणि विधानसभा. 2000 मध्ये पर्वरीला नवीन विधानसभा संकुल झालं आणि वाडा मोकळा झाला. आता तिथे कलाप्रदर्शनं भरतात, राज्य वस्तुसंग्रहालयही तिथे नेलं आहे. पाचशे वर्षं ज्या दारावर पहारा होता, त्या दारातून आज शाळेची मुलं रांगेने आत जातात. वाड्याच्या शेजारी आबे फारियाचा ब्राँझचा पुतळा आहे, तो जवळ जाऊन पाहावा. लांब झग्यातला पाद्री, दोन्ही हात पुढे पसरलेले, बोटं ताणलेली, आणि त्याच्यासमोर मागे कलंडणारी स्त्री. कांदोळीला 1756 मध्ये जन्मलेल्या या माणसाने पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग केले, आणि संमोहन घडतं ते करणाऱ्याच्या अंगच्या कुठल्या शक्तीने नाही, समोरच्याच्या मनात रुजलेल्या सूचनेने, असं सांगितलं. त्या काळात हे धाडसाचं होतं. अलेक्झांदर द्यूमाच्या ‘काउंट ऑफ माँटे क्रिस्टो’मधला फारिया त्याच्यावरूनच घेतलेला आहे. पुतळा 1945 चा, शिल्पकार गोव्याचेच रामचंद्र पांडुरंग कामत.

थोडं पुढे गेलं की इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझा लागते. 1871 मध्ये वास्को द गामाच्या नावाने सुरू झालेली ही संस्था. मुक्तीनंतर नाव बदललं आणि लढवय्ये पत्रकार लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांचं दिलं. प्रवेशाच्या दालनात निळ्या-पांढऱ्या चिनीमातीच्या फरश्यांवर पोर्तुगीज कवी कामोइंशच्या महाकाव्यातले प्रसंग रंगवले आहेत. जॉर्ज कोलासू या पोर्तुगीज चित्रकाराचं हे 1935 चं काम. जिंकणाऱ्यांनी स्वतःच्या पराक्रमाची चित्रं लावली, आणि त्या चित्रांखालून आता आपली माणसं साहित्याच्या कार्यक्रमाला जातात. ती काढून टाकली नाहीत हे चांगलं झालं.

याच पोर्तुगीज साम्राज्याचं दुसरं टोक चीनच्या किनाऱ्यावर होतं, मकाव. 1557 पासून पोर्तुगीज वस्ती, आणि 1844 पर्यंत कारभार गोव्याच्या हाताखाली. आज ते चीनचं अत्यंत आधुनिक शहर आहे. सात लाखांच्या आसपास माणसं सुमारे 33 चौरस किलोमीटरात राहतात, आणि त्यातली बरीच जमीन समुद्र बुजवून केलेली. 338 मीटर उंचीचा मकाव टॉवर 2001 चा. हाँगकाँगला जोडणारा 55 किलोमीटरचा सागरी मार्ग 2018 चा. तिथेही सेंट पॉल कॉलेज होतं. त्याच्या चर्चला 1835 मध्ये आग लागली आणि दगडी दर्शनी भिंत तेवढी उरली. गोव्यात कमान उरली, मकावमध्ये भिंत. पण तिथल्या भिंतीसमोरच्या रुंद पायऱ्या हे शहराचं सर्वांत गजबजलेलं ठिकाण झालं, तर आपली कमान शेजारून जाणाऱ्यालाही ठाऊक नसते. मकावमध्ये कमानींच्या व्हरांड्यांची एक देखणी पिवळी-पांढरी इमारत आहे. 1874 मध्ये ती बांधली ती गोव्याहून पोलिस दलासाठी पाठवलेल्या शिपायांना राहण्यासाठी. आपल्या माणसांच्या बराकी आज जागतिक वारशात आहेत. मकावचा जुना भाग 2005 मध्ये युनेस्कोने त्या यादीत घेतला, आपल्या जुन्या गोव्यातली चर्च 1986 मध्ये. गोवा 19 डिसेंबर 1961 ला मुक्त झालं, मकाव चीनला परत गेलं 20 डिसेंबर 1999 ला. अडतीस वर्षं आणि एक दिवस.

मकावची खरी ओळख मात्र जुगार. कसिनो लिस्बोआ 1970 मध्ये उघडला, 2002 मध्ये मक्तेदारी संपली आणि काही वर्षांतच तिथली उलाढाल लास व्हेगासच्या पुढे गेली. त्या पैशाने शहर झगमगलं. तरीही जुन्या शहराच्या मध्यावरचा सेनादो चौक त्यांनी पायी चालणाऱ्यांसाठी राखला. काळ्या-पांढऱ्या दगडांच्या लाटा, बाजूला जुनी नगरपालिका आणि 1569 पासूनची सांता काझा ही धर्मादाय संस्था. कसिनोत शिरणारा आणि न शिरणारा, दोघांनाही तिथे बसता येतं. पणजीत कसिनोंची जहाजं थेट मांडवीच्या पात्रात उभी आहेत. नदीकाठी फिरायला येणाऱ्याच्या डोळ्यांसमोर संध्याकाळी नदीऐवजी त्यांची रोषणाई येते. मकावकडून काही घ्यायचंच तर तो चौक घ्यावा.

पणजीत असं मुक्त बसता येईल अशी वास्तू कोणी जाणीवपूर्वक रचली असेल तर ती चार्ल्स कोरिया यांनी. कांपालची कला अकादमी. संस्था 1970 ची, इमारत 1983 ची. कोरिया मूळच्या गोमंतकीय घराण्यातले, आणि त्यांनी इथे उंची टाळली. इमारत बुटकी, आडवी पसरलेली, समोरच्या झाडांच्या वर डोकं न काढणारी. रस्त्यावरून आत शिरलं तर भव्य दरवाजा लागत नाही, फक्त सावली लागते. वर जाळीदार मांडव, खाली पायऱ्या, ओटे, आणि सरळ चालत राहिलं की तुम्ही नदीवर पोचता. म्हणजे ही वास्तू रस्ता आणि नदी यांच्यामधली मोकळी ओसरी आहे, तिच्या आजूबाजूला नाट्यगृह, खुला रंगमंच, संगीताचे वर्ग बसवलेत. तिकीट न काढता दुपारभर तिथे बसून संवाद पाठ करणारे नट, तबल्याच्या बोलांवर बोटं आपटणारी मुलं, नुसतेच वाऱ्याला आलेले म्हातारे, या सगळ्यांना तिथे जागा मिळायची.

आतल्या दीनानाथ मंगेशकर कलामंदिरात हजाराच्या आसपास खुर्च्या. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर मारिओ मिरांडा यांनी सज्जे रंगवले आणि त्या सज्ज्यांत गोंयकार प्रेक्षक बसवले. कोणी पंखा हलवतंय, कोणी शेजाऱ्याच्या कानात कुजबुजतंय, कोणी खाली वाकून तुमच्याकडेच पाहतंय. नाटक सुरू होण्याआधी उजेड असतो तेव्हा ही मंडळी हजर असतात आणि दिवे मंदावले की अंधारात विरून जातात. नाटक संपून उजेड आला की पुन्हा आपापल्या जागी. इथे मराठी आणि कोकणी नाट्यस्पर्धा होतात, तियात्र होतं, मनोहरबुवा शिरगावकर स्मृती भजन स्पर्धा होते. एरवी देवळाच्या मंडपात गाणारी गावोगावची भजनी पथकं त्या स्पर्धेसाठी पखवाज-हार्मोनियम घेऊन उभी राहतात. मंडपातली कला आणि राजधानीतला रंगमंच यांना जोडणारा याहून चांगला दुवा माझ्या पाहण्यात नाही. अलीकडे नूतनीकरणासाठी अकादमी बराच काळ बंद राहिली. काम चालू असताना जुलै 2023 मध्ये खुल्या रंगमंचावरचं छत कोसळलं. त्याच वर्षाच्या अखेरीस इमारत पुन्हा उघडली, पण कलाकारांच्या तक्रारी थांबल्या नाहीत. गोव्यातले नट आणि गायक एका इमारतीसाठी रस्त्यावर उतरले, यावरून ती त्यांच्यासाठी काय होती ते कळतं.

अकादमीपासून नदीच्या कडेने मागे आलं की जुनं मेडिकल कॉलेज आणि त्याला लागून मकिनेझ पॅलेस. 1702 चा हा वाडा दोघा धनाढ्य भावांचा. इथेच 1842 मध्ये वैद्यकीय विद्यालय सुरू झालं, आशियातल्या सर्वांत जुन्यांपैकी एक. कॉलेज बांबोळीला गेलं आणि 2004 पासून या आवारात आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो. जिथे रोगी रांगेत उभे राहत तिथे नोव्हेंबरात सिनेमाच्या रांगा लागतात. मिरामारला दयानंद बांदोडकरांची समाधी आहे. 1963 मध्ये गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झालेले भाऊसाहेब जन्माने पेडण्याचे, आणि पेडणेकर तिथे जातो तो याच जिव्हाळ्याने.

कदंब बसस्थानकावर उतरणाऱ्याला सर्वांत जवळचं मात्र पाटोवरचं संस्कृती भवन, म्हणजे कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय. 15 सप्टेंबर 1832 रोजी ‘पुब्लिका लिव्रारिया’ म्हणून सुरू झालेली ही संस्था देशातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांत मोडते. सुरुवातीचा ग्रंथसंग्रह राज्यकर्त्यांच्या भाषेतला, वाचणारेही तेच. आज त्याला नाव आहे केळशीच्या कृष्णदास शामाचं, ज्याने 1526 मध्ये मराठी ओव्यांत कृष्णचरित्रकथा रचायला घेतली. ते हस्तलिखित पोर्तुगालमधल्या ब्रागा शहरात जपलेलं आहे. सहा मजल्यांच्या या इमारतीत मुलांचा विभाग आहे, जुनी वृत्तपत्रं आहेत, स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुलं दिवसभर बसलेली असतात. त्यांना कोणी कुठून आलात विचारत नाही.

आणि आता शहरच पेडण्याकडे निघालं आहे. 13 नोव्हेंबर 2016 रोजी मोपाच्या विमानतळाची आणि तुयेच्या इलेक्ट्रॉनिक सिटीची पायाभरणी एकाच कार्यक्रमात झाली. मनोहर पर्रीकरांचं नाव मिळालेला विमानतळ 11 डिसेंबर 2022 रोजी उद्घाटन होऊन 5 जानेवारी 2023 पासून चालू झाला. धारगळची अखिल भारतीय आयुर्वेद संस्थाही विमानतळाच्या उद्घाटनाच्याच दिवशी उद्घाटित झाली. कोकण रेल्वे तर 1998 पासून माळप्याच्या स्थानकावर थांबतेच. विमानतळासाठी ज्यांची काजूची झाडं आणि पठारं गेली, त्यांच्यापैकी कितीजणांच्या घरात नोकरी आली हा प्रश्न मोपा, वारखंड, कासारवर्णे इथे अजून विचारला जातो. विमानतळाच्या आत जायला तिकीट लागतं, तो त्याचा स्वभावच आहे. म्हणूनच त्याच्या बाहेर, तालुक्याच्या माणसांसाठी काय बांधलं जाणार हे महत्त्वाचं. तुयेत आरोग्य केंद्र आहे, आणि मोठं इस्पितळ पूर्ण क्षमतेने चालावं म्हणून इथल्या लोकांनी आवाज उठवला आहे. विर्नोड्याला संत सोहिरोबानाथ आंबिये यांच्या नावाचं सरकारी महाविद्यालय आहे. आता तुये-पार्से पट्ट्यात संध्याकाळी उशिरापर्यंत उघडं राहणारं एक वाचनालय हवं, आणि दशावतारी व भजनी मंडळींना पावसाळ्यात तालमीसाठी एक कोरडं, परवडणारं सभागृह. विमानतळाला लागली त्याच्या शंभराव्या हिश्शाइतकीही जमीन या दोन्हींना लागणार नाही.